जोडीदार गेलेल्या गिनी पिगला नवा सोबती मिळवून देताना

गिनी पिग हा कळपाने राहणारा प्राणी आहे. आपण त्याला दिवसभर मांडीवर घेऊन बसलो, तरी आपल्याच जातीच्या सोबत्याशी चालणारी त्याची कुजबुज आणि अंगाला अंग लावून निजणे, यांची भरपाई आपल्याकडून होत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासूनच्या नियमांनुसार गिनी पिग एकटा पाळण्यास मनाई आहे. म्हणून जोडीतला एक गेल्यावर मागे राहिलेल्याला लवकर सोबत मिळावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्याआधी काही गोष्टी पाहून घ्याव्या लागतात.

सर्वप्रथम मागे राहिलेल्या प्राण्याची प्रकृती पाहावी. त्याला रोज ठरावीक वेळी वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून ठेवावे आणि सुके गवत खरोखर संपते आहे का, लेंड्या नेहमीसारख्या पडत आहेत का, याकडे लक्ष द्यावे. गिनी पिगचे आतडे सतत चालू राहावे लागते. त्याने काही तास काहीच खाल्ले नाही तर ते केवळ दुःख समजून वाट पाहत बसू नये, त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. गेलेला प्राणी संसर्गजन्य आजाराने दगावला असण्याची शंका असेल, तर मागे राहिलेला निरोगी असल्याची खात्री होईपर्यंत नवा प्राणी घरात आणू नये.

सोबती निवडताना रंगरूपाचा, विशेषतः गेलेल्याशी असलेल्या साम्याचा, मोह टाळावा, कारण ती ओढ आपली असते, त्याची नव्हे. नसबंदी केलेला नर आणि एक किंवा अधिक माद्या हे सहसा सर्वांत सुखाने नांदणारे कुटुंब. दोन माद्याही बहुधा जमवून घेतात. दोन नर एकत्र राहू शकतात, पण त्यांना जागा अधिक लागते आणि जवळपास मादी नसलेली बरी. नर-मादी ओळखण्यात विक्रेत्यांकडूनही चूक होते, त्यामुळे ही खात्री पशुवैद्याकडूनच करून घ्यावी. पूर्वी न व्यायलेल्या मोठ्या वयाच्या मादीला गर्भ राहिला तर प्रसूती अडून तिच्या जिवावर बेतू शकते. नसबंदीनंतरही नर सुमारे सहा आठवडे प्रजननक्षम राहू शकतो, तोवर त्याला मादीजवळ सोडू नये.

वयापेक्षा स्वभावाची जोडी महत्त्वाची. दांडगट प्राण्याला शांत सोबती मानवतो. भित्र्याला थोडा धीट. पिल्लाला मोठे प्राणी सहज स्वीकारतात हे खरे, परंतु वयस्कर, थकलेल्या प्राण्याला पिल्लाची धावपळ सोसवत नाही. शिवाय पुढे ते पिल्लूच एकटे पडेल, याचा विचार आजच करावा. प्राण्यांच्या निवाऱ्यात बहुतेक वेळा असेच जोडीदार गमावलेले प्रौढ गिनी पिग असतात आणि काही निवारे जमले नाही तर परत घेण्याच्या अटीवर प्राणी देतात. मला हा मार्ग सर्वांत योग्य वाटतो. ससा मात्र सोबती म्हणून आणू नये: त्याच्या लाथेने इजा होते आणि त्याच्याकडून श्वसनाचा संसर्गही होऊ शकतो.

नव्या प्राण्याला आधी दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. उवा, खरूज, बुरशी किंवा सर्दी असेल तर या काळात उघडकीस येते. एकाला हाताळल्यावर हात धुऊनच दुसऱ्याकडे जावे.

पहिली भेट दोघांनाही अनोळखी असलेल्या मोकळ्या जागेत घडवावी. तिथे गवताचे ढीग जागोजागी टाकावेत आणि लपण्याच्या प्रत्येक जागेला दोन तोंडे असावीत, म्हणजे कोणी कोपऱ्यात सापडणार नाही. यानंतरचे काही तास आपल्यालाच अवघड जातात. एक जण कंबर हलवत, घशातून घरघर काढत दुसऱ्याभोवती फिरतो, मागून हुंगतो, पाठलाग करतो, अंगावर चढतो. दुसरा किंचाळून पळतो. यात कोण वरचढ हे ठरत असते, म्हणून हस्तक्षेप करू नये. दर वेळी उचलून वेगळे केले तर तोच निवाडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मात्र अंगावरचे केस ताठ उभे राहून दोघे समोरासमोर दात कटकटवू लागले, तर सावध व्हावे, आणि रक्त निघाले किंवा दोघे एकमेकांना घट्ट धरून लोळू लागले, तर जाड टॉवेल टाकून वेगळे करावे. उघडा हात मध्ये कधीही घालू नये.

दोघे शेजारी बसून गवत खाऊ लागले की पुरेशा मोठ्या, स्वच्छ धुतलेल्या आणि मांडणी बदललेल्या पिंजऱ्यात त्यांना एकत्रच न्यावे. खाण्याची भांडी आणि पाण्याच्या बाटल्या दोन-दोन ठेवाव्यात. भेट फसलीच, तर मधे जाळी लावून दोघांना शेजारी ठेवता येते, म्हणजे वास आणि आवाजाची सोबत तरी राहते. काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न करावा किंवा दुसरा सोबती पाहावा. जमले तरी पहिले काही आठवडे दोघांचेही वजन घेत राहावे, कारण दबून राहणाऱ्याला गवतापासून हुसकावले जात असेल, तर ते डोळ्यांना दिसण्याआधी काट्यावर दिसते.