वसतिगृहातल्या बंडाची गोष्ट लिहिताना

निवासी शाळेतील लैंगिक अत्याचार आणि त्याविरुद्ध मुलांनी केलेले बंड हा विषय घेऊन कादंबरी लिहायला बसणारा लेखक बहुधा बंद दारापासून सुरुवात करतो. रात्र असते, पाऊस असतो, वीज गेलेली असते, आणि दारामागे जे घडायचे ते घडते. नागपुरात मी नवोदितांच्या संहिता वाचून देतो, आणि असे पहिले प्रकरण वाचून झाले की मी लेखकाला विचारतो: त्या दाराची किल्ली कोणाकडे होती, आणि ती त्याच्याकडे असते हे कोणाकोणाला ठाऊक होते? याचे उत्तर देता येत नसेल, तर कादंबरीला अजून हात घालू नये.

तेव्हा आधी किल्ल्यांचा हिशेब मांडावा. एका कोऱ्या कागदावर शाळेचा नकाशा काढून त्यात मुलांचे निवास, मुलींचे निवास, धान्याची कोठी, स्वयंपाकघर, आजारी मुलांची खोली, अधीक्षकांची खोली आणि कुंपणातली ती एक फट दाखवावी, आणि प्रत्येक कुलपापुढे माणसाचे नाव लिहावे. त्यानंतर न दिसणारी कुलपे येतात: घरी जाण्याच्या परवानगीवर सही कोण करतो, भेटीच्या रविवारी पालकांशेजारी कोण बसून राहतो, फोन कोणाच्या टेबलावर आहे. मी स्वतः चार वर्षे एका वसतिगृहात काढली. तिथे घरी धाडायचे आंतरदेशीय पत्र न चिकटवता कार्यालयात द्यावे लागे, कारण म्हणे आमचे शुद्धलेखन तपासले जाई. पुढे अनेक वर्षांनी आईच्या ट्रंकेत त्यातले एक पत्र सापडले. ‘भाजीत अळ्या निघतात’ हे वाक्य निळ्या शाईने गच्च खोडलेले होते; ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र जशाच्या तशा होत्या.

पदांची नावे अचूक हवीत, कारण विदर्भातला वाचक तिथेच लेखकाला पकडतो. आश्रमशाळेत अधीक्षक आणि स्त्री अधीक्षिका असतात, स्वयंपाकी असतात, कामाठी असतात. शासकीय वसतिगृहाचा प्रमुख गृहपाल म्हणवला जातो. खासगी इंग्रजी शाळेत वॉर्डन किंवा रेक्टर असतो. आश्रमशाळेच्या वर आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय असते आणि त्याच्याही वर अपर आयुक्त. खासगी संस्थेत वर संस्थाचालक असतो, आणि बरेचदा त्याचाच भाचा लेखापाल असतो. तक्रार कोणत्या पायरीवर अडते हे या रचनेवर अवलंबून असल्यामुळे शाळा कोणत्या प्रकारची, हे आधीच ठरवून टाकावे.

साल ठरवणे तर त्याहून निकडीचे आहे. कथा १९९५ ची असेल, तर मुलाजवळ पोस्टकार्ड आहे आणि गावात एखादा एसटीडी बूथ आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे आपण ज्याला पॉक्सो म्हणतो तो, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्याआधीच्या कथेत मुख्याध्यापकाने प्रकरण दाबले, तर त्या दाबण्याला आजच्यासारखे वेगळे कलम नव्हते. आजच्या कथेत कलम १९ आहे, ज्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते, आणि कलम २१ आहे, ज्यानुसार हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे आजच्या मुख्याध्यापकाची भीती दुहेरी आहे: कळवले तर संस्थेची बदनामी, न कळवले तर स्वतःला कैद. या कात्रीत सापडलेला, निवृत्तीला आठ महिने उरलेला माणूस हे फार मोलाचे पात्र आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या संहितांत तो दोन ओळींत उरकलेला असतो.

आता अत्याचार करणाऱ्याविषयी. त्याला तांबारलेले डोळे आणि घोगरा आवाज देऊ नका. बहुतेक वेळा तो शाळेतला लोकप्रिय माणूस असतो. तो सहलीला नेतो, शुल्काचे जमवून देतो, पालकांना ‘तुमच्या पोराकडे माझे लक्ष आहे’ असे सांगतो, आणि पालक हात जोडतात. तो मुलाला आधी इतरांपासून वेगळा काढतो, मग उपकारात अडकवतो, मग गुपितात सामील करून घेतो. हा क्रम घडीघडीने उलगडत दाखवणे, हेच या प्रकारच्या लेखनातले खरे कसब आहे. वर्षभरापूर्वी एका नवलेखकाला नमुना म्हणून मी हे चार ओळींचे दृश्य लिहून दिले होते:

शनिवारी अधीक्षक सर नागपूरहून आले की संत्रा बर्फीचा डबा उघडत. रांगेत प्रत्येकाला एक तुकडा मिळे. निनादचा घेऊन झाला, तसे सर म्हणाले, ‘अजून एक घे रे.’ रांगेतल्या कोणीच मान वर केली नाही.

दुसऱ्या तुकड्याचा अर्थ रांगेला ठाऊक आहे, एवढे वाचकाला कळले की काम झाले. त्या खोलीत लेखणीने जाऊ नये. याबाबतीत मी कडक आहे: मुलाच्या शरीराचे वर्णन नको, कृतीचे वर्णन नको, आणि गुन्हेगाराच्या नजरेतून त्या मुलाकडे पाहणारे एकही वाक्य नको. ‘वास्तव दाखवायला नको का?’ असा वाद लेखक घालतात. वास्तव दुसऱ्या दिवशी सकाळी हापशावर दिसते, जिथे अंथरुण ओले नसतानाही एक मुलगा चादर धूत असतो आणि त्याच्या शेजारचा काही न विचारता दांडा हापसत राहतो.

मुलांना या गोष्टीसाठी शब्द नसतात. म्हणून संवादात ‘माझ्यावर अत्याचार झाला’ असे वाक्य बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडी घातले, की तो मुलगा नाहीसा होतो आणि वर्तमानपत्र बोलू लागते. मूल आडून बोलते, वस्तूंविषयी बोलते, जागेविषयी बोलते. नागपूरकडच्या बोलीत ते असे येईल:

‘काहून जेवत नाहीस बे?’
‘भूक नाही.’
‘काल पण नव्हती.’
‘माही पेटी तुह्या पेटीपाशी ठेवू का? झोपाले पण तिकडंच येतो.’
‘ये.’

बोली वापरताना हात आखडता ठेवावा. गडचिरोलीकडून आलेले गोंडी बोलणारे मूल, वर्ध्याचे मूल आणि नागपूर शहरातले मूल एकसारखे ‘काहून’ म्हणत नाहीत. गोंडी बोलणाऱ्याला तर तक्रार ज्या भाषेत लिहायची, ती भाषाच परकी असते, आणि अधीक्षक नेमके असेच मूल निवडतो.

बंडाचा भाग लिहिताना चूक होते ती घाईची. एका रात्रीत सगळे वसतिगृह पेटून उठले, घोषणा झाल्या, काचा फुटल्या, असे घडत नाही. घडलेच तर त्याचे कारण वरकरणी वेगळेच असते. मुले अन्नावरून उठतात. ताटे पालथी घालून बसतात, कारण भातातल्या अळ्यांविषयी बोलता येते आणि आजारी खोलीविषयी बोलता येत नाही. इथे कथेला विलक्षण वळण देता येते: मोठे साहेब येतात, ताटे पाहतात, कंत्राटदार बदलतात, दुसऱ्या दिवशी गरम पोळ्या मिळतात. मागणी मान्य झाली आणि मूळ गोष्ट तोंडातच राहिली. त्या पोळीचा घास मुलांच्या घशाखाली कसा उतरतो, यावर मी असतो तर पूर्ण प्रकरण लिहिले असते.

नागपूरच्या लेखकाला तर एक आयते साधन हाताशी आहे, आणि ते कोणी वापरत नाही याचे मला नवल वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, शहरात काळ्या-पिवळ्या मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या दोन मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही प्रथा. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या त्या वर्षी लोकांना ज्याचा जाच झाला त्याचे पुतळे, आणि ‘घेऊन जा गे मारबत!’ अशी आरोळी असते. रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा. समजा वसतिगृहातली मुले जुन्या गादीचा कापूस आणि फाटका सदरा घेऊन मैदानात आपला बडग्या करतात. शिक्षक कौतुकाने पाहत उभे आहेत. आरोळ्या सुरू होतात: अळ्या घेऊन जा, गणिताचा पेपर घेऊन जा, हशा होतो, मग मागून एक बारीक आवाज येतो, ‘दुसरा तुकडा घेऊन जा गे मारबत!’ हशा थांबतो. मुलांनी आरोप केलेला नाही, पण आता सगळ्यांनी ऐकले आहे, आणि अधीक्षकांनीही.

इथून पुढे गोष्ट डिसेंबरपर्यंत नेता येते, कारण तेव्हा नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते आणि मोर्चांनी शहर भरून जाते. मुलांनी रामटेककडून पायी निघायचे ठरवले, तर अंतर सुमारे पन्नास किलोमीटर आहे, म्हणजे एक मुक्काम आला. रात्री कुठे झोपले, पाणी कोणी दिले, शाळेला फोन कोणी केला, कोण अर्ध्यातून परतला, याचा हिशेब हवा. मुले एकदिलाची दाखवू नका. दहावीतला मॉनिटर, जो लहानांना मारतो, तो कदाचित पूर्वीचा ‘दुसरा तुकडा’ आहे. एखादी मुलगी निघायलाच नकार देते, कारण शाळा सुटली तर घरी तिचे लग्न ठरणार आहे. आणि पालकांचे म्हणाल, तर कापसाची वेचणी ऐन रंगात असताना रोजी बुडवून आलेला बाप आधी पोराच्या थोबाडीत देतो आणि मग त्याला पोटाशी धरतो.

पोलीस आणि न्यायालयाची दृश्ये थोडी ठेवावीत, पण चुकवू नयेत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिलेने, विश्वासातल्या माणसासमोर घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. खटला बंद दाराआड चालतो आणि साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेसमोर येऊ द्यायचा नसतो. त्यामुळे भर न्यायालयात मुलाने आरोपीकडे बोट दाखवले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, हा प्रसंग रद्द समजावा. कायद्यात जे लिहिले आहे ते कथेतल्या ठाण्यात पाळले गेले नाही, असे अवश्य दाखवा, मात्र ते लेखकाच्या अज्ञानामुळे नव्हे तर हवालदाराच्या निष्काळजीपणामुळे घडले, हे वाचकाला कळले पाहिजे. कायद्याचा अर्थही किती निसटता असू शकतो, याचे उदाहरण इथलेच आहे: जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कपड्यांवरून केलेल्या स्पर्शात त्वचेचा त्वचेशी संबंध आला नाही, म्हणून तो पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून लैंगिक हेतू हाच निर्णायक घटक ठरवला. या दहा महिन्यांत ज्याचा खटला चालू आहे, असा मुलगा कादंबरीत असेल, तर त्याच्या वकिलीणबाईंनी ही बातमी त्याला कशी सांगितली असेल, याचा विचार करून पाहा.

सामग्री गोळा करताना ज्या मुलांवर असे प्रसंग आले आहेत, त्यांना मुलाखतीसाठी गाठू नये. न्यायनिवाडे वाचावेत, निवृत्त अधीक्षिका आणि स्वयंपाकिणी यांच्याशी बोलावे. स्वयंपाकिणीला सगळे माहीत असते आणि तिला कोणी विचारलेले नसते. शाळेचे नाव कल्पित ठेवून त्या नावाची खरी शाळा कुठे नाही ना, हे तपासावे. खऱ्या घटनेतला तपशील घेतलाच, तर गाव, वय आणि वर्ष अशा तिन्ही गोष्टी बदलाव्यात, कारण पीडित मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे आणि कादंबरी म्हटल्याने त्याची कुटुंबाला बसणारी झळ कमी होत नाही.

शेवटासाठी निकालाची वाट पाहू नये. माझी पसंती शाळा पुन्हा सुरू होते त्या दिवसाला आहे. विदर्भात ती उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडते. नव्या अधीक्षिका कमरेला जुडगा लावून पहिली हजेरी घेतात आणि काही अडचण आहे का, म्हणून विचारतात. मागच्या ओळीतली एक लहान मुलगी उभी राहते. ‘मॅडम, आजारी खोलीची दुसरी किल्ली कोणापाशी हाय?’ मॅडमचे उत्तर लिहिण्याची गरज नाही. त्यांचा हात जुडग्याकडे गेला, एवढे लिहावे.