लॅटिन अर्पणकवितेला लघु-गुरू कसे लावावेत

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन कवी कातुल्लुस याने आपले पुस्तक कोर्नेलिउस नेपोस या इतिहासकाराला ज्या १० ओळींच्या कवितेने अर्पण केले, तिचे वृत्त शाळेत इंद्रवज्रा घोकलेल्या कोणालाही उलगडता येते. पहिली ओळ अशी आहे: ‘कुइ दोनो लेपिदुम नोवुम लिबेल्लुम’, म्हणजे ‘हे देखणे, नवे, चिमुकले पुस्तक कुणाला देऊ?’

आधी अक्षरे मोजावीत. ‘कुइ’ हे एकच अक्षर धरले की ती ११ भरतात. शब्दाच्या शेवटचा ‘म’ पाय मोडून वाचावा आणि पुढच्या व्यंजनाशी मिळून त्याचे जोडाक्षर झाले असे समजावे. म्हणून ‘दुम’ आणि ‘वुम’ गुरू.

खरी अडचण ए आणि ओ यांची आहे. मराठीत हे दोन्ही स्वर नेहमीच गुरू, पण लॅटिनमध्ये ते ऱ्हस्वही असतात आणि देवनागरीत तो भेद दिसत नाही: ‘दोनो’तील दोन्ही ओ दीर्घ, तर ‘लेपिदुम’मधील ‘ले’ आणि ‘नोवुम’मधील ‘नो’ लघु. सोलापूरकरांना मात्र यासाठी लांब जावे लागत नाही, कारण शहराच्या पूर्व भागातील तेलुगूत आणि बाजारात रोज कानी पडणाऱ्या कन्नडमध्ये हा भेद जिवंत आहे; कन्नडमध्ये ‘कोडु’चा ओ तोकडा ठेवला तर ‘दे’ आणि लांबवला तर ‘शिंग’ असा अर्थ होतो. शेजाऱ्याकडून हा उच्चार एकदा म्हणवून घ्यावा.

आता गण पाडले की म, स, ज, ग, ग मिळतात. इंद्रवज्रेचे गण त, त, ज, ग, ग आहेत. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्यास पहिली दोन आणि शेवटची पाच अक्षरे तंतोतंत जुळतात, आणि मधल्या चार अक्षरांत मात्र इंद्रवज्रेच्या ‘लघु गुरू गुरू लघु’च्या जागी नेमके उलटे ‘गुरू लघु लघु गुरू’ येते. ताल वेगळा वाटतो तो एवढ्यामुळेच.

दुसऱ्या ओळीत, ‘आरिदा मोदो पूमिके एक्स्पोलीतुम’ येथे, १२ अक्षरे दिसतील. शब्दान्तीचा स्वर पुढच्या स्वरापूर्वी गळतो, म्हणून ‘पूमिकेक्स्पोलीतुम’ असे एका दमात म्हणावे. अर्थ ‘नुकतेच कोरड्या झाव्याच्या दगडाने घासून गुळगुळीत केलेले’. पपायरसच्या गुंडाळीच्या कडा तशाच घासत. याच ओळीत दुसरे अक्षर ‘रि’ लघु आहे, आणि चौथी ओळ तर ‘मेआस’ अशी लघु-गुरूने सुरू होते. पहिल्या दोन अक्षरांत कवीला ही मोकळीक आहे. तेथे अडखळू नये, तिसऱ्यापासून ठेका धरावा.