दूध गॅसवर आणि कात्री हातात: घर सांभाळून शिवणाऱ्यांनी या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात घरीच शिवणकाम करते त्याला आता १९ वर्षं झाली. दुपारी तीन ते पाच शेजारपाजारच्या मुली-सुना शिकायला येतात. कुणाला ब्लाऊज शिकायचा असतो, कुणाला बाळंतविडा, एखादीला आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. हात सगळ्यांचाच बसतो, त्याची मला काळजी नसते. तरी कपडे बिघडतात, आणि मी पाहिलंय, बहुतेक वेळा ते एकाच कारणाने बिघडतात: नको त्या वेळी नको ते काम काढलं म्हणून.

घरातल्या बाईला सलग वेळ मिळत नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वीस मिनिटं, मुलं शाळेतून यायच्या आत अर्धा तास, असा तुटक वेळ मिळतो. तुटक वेळात पुष्कळ कामं होतात, पण सगळी होत नाहीत. हुक-बटणं, फॉल, तुरपाई, क्रोशाची वेल, गोधडीचा धावदोरा ही कामं कधीही हातातून खाली ठेवता येतात. माप घेणं, खडूने आखणं आणि कापणं ही तशी नाहीत. एवढा फरक कळला नाही की पुढचं सगळं चुकत जातं.

मिळेल त्या वेळात कापायला बसणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगते. नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता. साडीतलाच ब्लाऊजपीस, जांभळट लाल, त्यावर जरीची बुट्टी, एका कडेला चार बोटं काठ. तुकडा जेमतेम ८० सेंटिमीटरचा. बाहीला काठ हवा होता आणि काठ एकाच कडेला. एकेरी कापडावर शेजारी-शेजारी दोन बाह्या मांडायच्या होत्या. पहिली बाही कापली आणि दूध उतू गेलं. ओटा पुसते तोवर सिलिंडरवाला दारात. तो गेला तर धाकट्याने दप्तर उपडं केलेलं. चाळीस मिनिटांनी परत बसले, कागदी बाही होती तशी उचलली, कापडावर ठेवली, कापली.

संध्याकाळी बाह्या जोडायला घेतल्या तेव्हा हात थांबला. बाहीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा खोल कापलेला असतो. माझ्या दोन्ही बाह्यांचा खोलवा एकाच अंगाला होता. म्हणजे दोन्ही उजव्या हाताच्या. कागद उलटा करून ठेवायचा होता, तो तसाच ठेवला गेला. साधं सुती कापड असतं तर बाही उलटवून भागवलं असतं, पण या कापडाच्या उलट्या बाजूला जरीचे सुटे धागे लोंबत होते. दुसरा तुकडा बाजारात मिळणार नव्हता, जळगावच्या फुले मार्केटात दिवसभर फिरले असते तरी नाही.

त्याच रात्री नणंदेला फोन केला. ‘ताई, माझ्याकडून बाही चुकली,’ म्हणून सरळ सांगितलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘साडीतून निघत असेल तर काढ, पोरगी तशी बारीकच आहे.’ साडीचं खोचायचं टोक, म्हणजे कमरेत जातं ते, त्यातून ४० सेंटिमीटरची पट्टी काढली. साडीला वर-खाली दोन्हीकडे सारखा काठ होता, म्हणून एक बाही वरच्या काठातून निघाली आणि दुसरी खालच्या. साडेपाच मीटरची साडी ५ मीटर १० वर आली, एक निरी कमी पडली. कार्यक्रम छान झाला. पण दुसऱ्याच्या साडीला कात्री लावताना हात कसा जड होतो ते मी विसरले नाही.

तेव्हापासून मी कापायचं काम फक्त पहाटे करते, साडेपाच ते सात, आठवड्यातून दोन दिवस. घर झोपलेलं असतं, फोन आतल्या खोलीत असतो. एका बैठकीला एकच कपडा पूर्ण कापते, अस्तरासकट. कात्री उचलायच्या आधी सगळे भाग कापडावर मांडून होतात आणि प्रत्येक बाहीवर उलट्या बाजूने खडूने ‘उ’ आणि ‘डा’ लिहून होतं. दोन अक्षरं लिहायला चार सेकंद लागतात. नवीन मुली ती लिहीत नाहीत, ‘लक्षात राहतं काकू’ म्हणतात. नाही राहत. दाराची कडी वाजली की नाही राहत.

पंधरा मिनिटांत ब्लाऊज कापायला शिकवणारे व्हिडिओ बघून येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की दाखवणाऱ्याच्या हातात वर्षानुवर्षांचा सराव असतो आणि त्या पंधरा मिनिटांत त्याला कुणी हाक मारत नाही. तुम्हाला मारणार आहेत. पहिले सहा महिने सावकाश कापा, जुन्या साडीवर, चादरीवर कापा. घाईने शिकलेलं कापणं पुढे फार पैसे खातं.

काम खाली ठेवताना खूण न ठेवणं

उठावं लागणारच. पण उठण्याआधी पुढचं काम काय, ते एका चिठ्ठीवर लिहून टाचणीने कापडाला लावा: ‘डावा खांदा जोडायचा’, ‘गळपट्टी अर्धी झाली’. प्रत्येक कपड्याची वेगळी पिशवी, आणि चिठ्ठी, दोरा, हुक सगळं त्याच पिशवीत. क्रोशाचं काम असेल तर सुईवरचा सुटा फास सेफ्टी पिनेत अडकवा आणि ओळीचा आकडा लिहा. मुलाने सुई ओढून नेली तरी चार ओळी उसवणार नाहीत. चिठ्ठी नसेल तर परत बसल्यावर पहिली दहा मिनिटं ‘मी कुठे होते’ यातच जातात, आणि आपल्याकडे मुळात मिनिटं असतातच वीस.

सुया न मोजणं

ज्या घरात रांगतं मूल आहे तिथे ही चूक मी कुणालाच माफ करत नाही.

माझी मुलगी दोन वर्षांची होती. वैशाखातली रात्र, दिवसभर ४५ अंशांनी भिंती तापलेल्या, म्हणून मी आणि सासूबाई ओसरीवर गोधडी घालत बसलो होतो. सहा पदरी, सगळी जुनी लुगडी, वरचा पदर त्यांच्या आईच्या हिरव्या नऊवारीचा. मध्येच लाईट गेली. दोरा संपत आला होता, मी सुई कापडात टोचून मेणबत्ती आणायला आत गेले. परत आले तोवर लेक अंधारात गोधडीवर लोळत होती. लाईट आली आणि सुई दिसेना.

आधी हाताने चाचपलं. मग फरशी झाडली. सासूबाईंनी लेकीचे कपडे काढून एकेक शिवण तपासली. साडेबारा वाजले तेव्हा मिस्टरांनी माळ्यावरच्या मोडक्या स्पीकरचं चुंबक काढून आणलं. ते गोधडीवरून वीत-वीत सरकवत होतो. एकदा सगळी फिरलो, काही नाही. दुसऱ्यांदा उलट्या बाजूने, काही नाही. तिसऱ्या वेळी कोपऱ्यापाशी चुंबकाखालचं कापड इवलंसं वर उचललं गेलं. दोन ओळी उसवल्या. सुई तिसऱ्या आणि चौथ्या पदराच्या मध्ये आडवी शिरली होती, दोरा निसटून गेलेला. लेक रोज त्याच कोपऱ्यावर डोकं ठेवून झोपायची. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, सुई घेऊन घरात ठेवून आल्या, मग लेकीला मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

आता माझ्या लाल कापडाच्या सुईगादीत मोजून पाच सुया असतात. सहावी नाही. उठताना मोठ्याने मोजते, आणि शिकायला येणाऱ्या मुलींकडूनही मोजून घेते. मोकळी सुई कापडात टोचायची नाही, तिच्यात कायम वीतभर तरी दोरा हवा, तोही रंगीत, म्हणजे सापडते. मशीनची सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे मिळेपर्यंत पुढची टीप नाही. मिळालेले तुकडे चिकटपट्टीने कागदाला लावून जुन्या डबीत टाकते. पायाच्या मशीनचा पट्टा काम संपलं की चाकावरून उतरवून ठेवते, कारण पाय हलवला की वर सुई नाचते हे लहान मुलांना फार लवकर कळतं. ते चुंबक अजून मशीनच्या खणात आहे.

थोडक्यात सांगण्यासारख्या

अस्तर न भिजवता लावणं. सुती अस्तर पहिल्या धुण्यात मीटरमागे दोन-तीन सेंटिमीटर सहज आटतं आणि वरचं कापड फुगतं. रात्री बादलीत टाका, सकाळी वाळत घाला, याला घरकामातून वेगळा वेळ लागत नाही.

कापडाच्या कात्रीने कागद कापणं. मुलांच्या प्रोजेक्टसाठी वेगळी कात्री घ्या, दांड्याला लाल चिंधी बांधा आणि कुणाला कुठली, ते एकदा ठणकावून सांगा.

एकच सुई सहा महिने चालवणं. बारीक कापडाला ११ नंबर, साध्या सुतीला १४, जाड पदरांना १६. टाका सुटायला लागला की टेन्शनचा स्क्रू पिळत बसण्याआधी सुई बदला, मग बॉबिन केसमधला कापसाचा भुगा ब्रशने काढा. दहातल्या आठ तक्रारी तिथेच संपतात.

उन्हाळ्याच्या दुपारी लोकरीचं काम. घामाने लोकर सुईवर घसरत नाही, टाके घट्ट पडतात. थंडीसाठी ठेवा.

आमच्या रावेर-यावल पट्ट्यातल्या बायकांसाठी एक खास. घरातलं माणूस केळीच्या बागेतून आलं की त्याच्या हाताला, बाह्यांना चीक असतो. ओला असताना तो दिसत नाही, वाळला की काळपट तपकिरी डाग पडतो आणि तो जात नाही. लिंबू, मीठ, रॉकेल, सगळं करून पाहिलंय. दारातल्या खाटेवर, खुर्चीच्या पाठीवर शिवायचं कापड टाकू नका. आमच्याकडे एका बाळाचं पांढरं झबलं असंच गेलं.

शिवणाची वेळ लपवणं

बऱ्याच जणी घरच्यांपासून चोरून शिवतात. कुणी आलं की मशीन झाकायची, जणू काही उगाचच बसलो होतो. मग घरच्यांनाही ते उगाच बसणंच वाटतं आणि ते हाक मारतात. शिवताना मन स्वयंपाकात, स्वयंपाक करताना मन शिवणात, दोन्हीकडे चटके. मी सुरुवातीला तेच केलं. शेजारच्या काकू विचारायच्या, ‘काय करून राह्यली वं?’ आणि मी म्हणायचे, ‘काही नाही.’ एक दिवस सासूबाईच आतून म्हणाल्या, ‘काही नाही कसं? काम करते म्हण.’ तेव्हापासून तीन ते पाच ही माझी वेळ घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वेळात चहा ज्याला हवा त्याने करायचा. मिस्टर शिकले, मुलगाही शिकला. बाकीच्या वेळात मीही मशीनला हात लावत नाही, जेवणाच्या ताटावर तर टेपसुद्धा गळ्यात नसते. ही अट दोन्ही बाजूंनी पाळली तरच टिकते.

सणाच्या तोंडावर ‘हो’ म्हणणं

आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते ती सगळं एकदम घेऊन येते. लेकी माहेरी आलेल्या, अंगणात झोके, घरात सांजोऱ्या आणि खापरावरचे मांडे, गच्चीवर पापड-कुरडया, त्यात लग्नाच्या तिथी. श्रावणात कानबाई देवी बसते त्या रविवारी तेच: भाऊबंद सगळे जमतात, रोटांचं दळण असतं, पाय ठेवायला जागा नसते तिथे मशीन कुठे मांडणार? आणि नेमक्या याच दिवसांत सगळ्यांना नवा ब्लाऊज हवा असतो. संकोचापोटी हो म्हटलं की रात्री दोनपर्यंत जागून शिवायचं आणि तेच सकाळी उसवायचं. रात्री अकरानंतर मारलेली टीप मी जवळपास प्रत्येक वेळी उसवली आहे.

म्हणून वहीत गुढीपाडव्याच्या दिवशी लाल रेघ मारते. पाडवा ते आखाजी मध्ये जेमतेम महिना असतो. रेघेनंतर आलेलं नवीन शिवण आखाजीनंतरच, मग ते बहिणीचं का असेना. यंदा एक मावशी आठच दिवस आधी चार ब्लाऊज घेऊन आल्या. मी वही समोर ठेवली, रेघ दाखवली आणि म्हटलं, ‘मावशी, साड्यांना फॉल लावून देते, ब्लाऊज ज्येष्ठात.’ त्या थोड्या रुसल्या. फॉल तुटक वेळात दोन दिवसांत लागले. ब्लाऊजांची पिशवी त्यांनी परत नेली नाही, खुंटीवर आहे, चिठ्ठीसकट.