डेटा लॉगर कॉम्प्युटरला जोडायचा असेल तर आधी वायर बघा, सॉफ्टवेअर नंतर

वाळूज असो, शेंद्रा असो नाहीतर जालन्याची रोलिंग मिल, डेटा लॉगर, म्हणजे तापमानासारखी रीडिंग नोंदवून ठेवणारं यंत्र, कॉम्प्युटरला जोडायचा म्हटलं की पोरं सगळ्यात आधी सॉफ्टवेअर उघडून बसतात, आणि डेटा आला नाही की बॉड रेट (डेटा पाठवायचा स्पीड) बदलत राहतात, तासन् तास तेच चालू. असं करू नका. आधी वायर, मग पोर्ट, मग सेटिंग आणि रजिस्टर (लॉगरमधला रीडिंग ठेवलेला कप्पा) सगळ्यात शेवटी. आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढच्याला हातच लावायचा नाही, कारण चार गोष्टी एकदम बदलल्या की नेमकं काय चुकत होतं ते कळतच नाही.

लॉगरच्या मागं बघा. नऊ पिनचा कनेक्टर असेल तर बहुतेक आरएस-२३२, आणि स्क्रूचं टर्मिनल असून त्यावर ए, बी किंवा डी प्लस, डी मायनस लिहिलेलं असेल तर आरएस-४८५, या वायरवरून डेटा पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती. बहुतेक म्हणतोय कारण काही कंपन्या नऊ पिनवर पण ४८५ काढतात, म्हणून मॅन्युअलमधलं वायरिंगचं पान बघितल्याशिवाय काही जोडू नका, मॅन्युअल सापडत नसेल तर स्टिकरवरचा मॉडेल नंबर टाकून पीडीएफ काढा. २३२ म्हणजे एकाला एक, केबल साधारण १५ मीटरपर्यंत. ४८५ एकाच जोडीवर ३२ डिव्हाइस घेतं आणि कमी स्पीडला १२०० मीटरपर्यंत जातं, त्यामुळं लॉगर कोल्ड रूमपाशी आणि कॉम्प्युटर तिकडं ऑफिसात असेल तर सरळ ४८५च घ्या.

आजकालच्या बहुतेक कॉम्प्युटरला सिरीयल पोर्ट (ही केबल लावायचं सॉकेट) येत नाही, यूएसबी कन्व्हर्टर लागतोच. इथं पैसे वाचवू नका. एफटीडीआय कंपनीची चिप असलेला घ्या, सीएच३४० वाला पण चालतो, पण प्रोलिफिक कंपनीच्या नावाखाली डुप्लिकेट चिप लई विकल्या जातात आणि त्या विंडोजमध्ये कोड १० एरर देतात. कन्व्हर्टर लावला की डिव्हाइस मॅनेजर उघडा, पोर्ट्सच्या खाली कॉम ३, कॉम ५ असं काहीतरी दिसेल, तो नंबर लिहून ठेवा. दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये लावला की बऱ्याचदा नंबर बदलतो आणि मग "काल चालत होतं, आज कामून नाही" सुरू होतं, म्हणून त्या सॉकेटवर मार्करनं खूण करून टाका.

आता लॉगरला न जोडता कन्व्हर्टर तपासायचा. २३२ असेल तर नऊ पिनमधली २ आणि ३ एका बारीक वायरनं शॉर्ट करा, पुटी किंवा टेराटर्म (पोर्टवर टाइप करायचे प्रोग्रॅम) उघडा, कॉम नंबर टाका, फ्लो कंट्रोल नन करा, लोकल इको बंद ठेवा आणि कीबोर्डवर काहीतरी टाइप करा. अक्षर स्क्रीनवर उमटलं आणि वायर काढल्यावर उमटायचं थांबलं, तर कॉम्प्युटर, ड्रायव्हर, कन्व्हर्टर तिन्ही ठीक. दोन मिनिटांचं काम, आणि अर्धा गोंधळ इथंच संपतो. दोन वायरच्या ४८५ ला मात्र ही युक्ती चालत नाही.

केबल सरळ लागते का क्रॉस (२ आणि ३ अदलाबदल केलेली), यावर लई वाद होतात, वाद घालायची गरजच नाही, मल्टिमीटर घ्या. पोर्ट सॉफ्टवेअरमध्ये ओपन करून ठेवा, मीटर डीसी व्होल्टला, काळी प्रोब पिन ५ ला म्हणजे ग्राउंडला, लाल प्रोब आधी पिन २ ला, मग ३ ला. ज्या पिनवर उणे ५ ते उणे १२ च्या आसपास व्होल्ट दिसतात ती त्या डिव्हाइसची बोलायची पिन, दुसरी जवळपास शून्य दाखवते, ती ऐकायची. कन्व्हर्टरला उणे व्होल्ट ३ वर दिसतात. लॉगर चालू करून त्याच्याकडं पण तसंच बघा, २ वर आले तर सरळ केबल, त्याच्याही ३ वर आले तर क्रॉस. दोन्ही पिनांवर काहीच नाही आणि लॉगर चालू आहे, तर पोर्ट गेलेला असू शकतो किंवा तो २३२ नाहीच.

४८५ मध्ये ए आणि बी ची नावं कंपन्यांनी एकसारखी ठेवलेली नाहीत, एकाचं ए म्हणजे दुसऱ्याचं बी निघतं. उलटं लावलं म्हणून काही जळत नाही, फक्त उत्तर येत नाही, त्यामुळं उत्तर नाही आलं तर आधी दोन वायर अदलाबदल करून बघा. केबल ट्विस्टेड पेअर आणि शिल्डवाली, शिल्डला अर्थिंग एकाच टोकाला. केबल एकातून दुसऱ्या लॉगरला अशी ओळीनं न्यायची, मधून फाटे काढायचे नाहीत, आणि १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना. जिथं इंडक्शन फर्नेस किंवा मोठे ड्राइव्ह चालतात तिथं ही केबल पॉवर केबलच्या ट्रेमधून नेऊच नका, फर्नेस चालू झाली की रीडिंग गायब होतं आणि दोष लॉगरवर येतो. आपल्याकडं अवकाळीत विजा कशा पडतात ते सांगायला नको, दोन शेडमधून केबल जात असेल तर आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेनं वेगळ्या ठेवणारा) कन्व्हर्टरच घ्या.

वायर झाली की सेटिंग. लॉगरच्या मेनूमध्ये जाऊन बॉड रेट, पॅरिटी (चूक पकडायची बिट), स्टॉप बिट आणि स्लेव्ह आयडी (लाइनवरचा त्या लॉगरचा नंबर) वाचा आणि तेच्या तेच कॉम्प्युटरमध्ये टाका. ९६००, आठ बिट, नो पॅरिटी, एक स्टॉप बिट असं सर्रास असतं, पण मॉडबस, म्हणजे असे लॉगर कॉम्प्युटरशी ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात ती, तिच्या स्टँडर्डमध्ये डिफॉल्ट १९२०० आणि इव्हन पॅरिटी आहे, म्हणून अंदाजानं भरू नका. आयडी १ ते २४७ मधला असतो, आणि एका लाइनवर दोन लॉगरना एकच आयडी दिला तर दोघं एकदम बोलतात आणि काहीच समजत नाही.

रजिस्टरपाशी सगळ्यात जास्त माणसं अडकतात. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं असतं आणि सॉफ्टवेअरला पत्ता शून्य द्यावा लागतो, एकानं चुकलं की शेजारच्या चॅनलचं रीडिंग यायलंय आणि खरं वाटायलंय, म्हणून लई जपून. ४०००१ साठी फंक्शन ३ (फंक्शन म्हणजे वाचायच्या कमांडचा नंबर), आणि मॅन्युअलमध्ये ३०००१ असेल तर फंक्शन ४. आकडा २५३ आला तर घाबरू नका, तो बहुतेक २५.३ अंश आहे, दहानं भागायचं. फार्मावाल्यांच्या डीप फ्रीझरवर ६५३५६ असा आकडा दिसला की लोक लॉगर खराब म्हणून काढून ठेवतात, पण ६५५३६ मधून ६५३५६ वजा करा, १८० राहतात, म्हणजे ते उणे १८.० अंश आहे. सॉफ्टवेअरमध्ये डेटा टाइप साइन्ड (उणे आकडे धरणारा) केला की बरोबर दिसतं. दशांशवाला फ्लोट असेल तर दोन रजिस्टर एकत्र वाचावे लागतात, आकडा भलताच आला तर वर्ड स्वॅपचा (दोन रजिस्टरचा क्रम उलटायचा) ऑप्शन बदलून बघा.

प्रत्येक चॅनलचं रीडिंग लॉगरच्या डिस्प्लेशी समोरासमोर जुळवा, एकाच चॅनलवर समाधान मानू नका. सेन्सर हातात धरून गरम करा आणि कॉम्प्युटरवर नेमका तोच चॅनल चढतोय का ते बघा, कारण सगळ्या खोल्यांचं तापमान सारखं असलं की चॅनल उलटसुलट झालेले कळत नाहीत.

पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो, पुटी चालू राहिली तर लॉगरचं सॉफ्टवेअर ॲक्सेस डिनाइड म्हणतं, आधी ती बंद करा. कॉम्प्युटरचा स्लीप मोड बंद, पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड पण बंद, नाहीतर रात्री रेकॉर्डिंग थांबतं आणि सकाळी ऑडिटला ग्राफमध्ये भोक दिसतं. लोडशेडिंगचा भरवसा नाही, लॉगर आणि कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसवर घ्या. लॉगरचं घड्याळ आणि कॉम्प्युटरचं घड्याळ मिळवून ठेवा, आणि महिन्यातून एकदा परत बघा, लॉगरची आतली बॅटरी उतरली की लाइट गेल्यावर तारीख मागं जाते आणि सगळ्या नोंदी जुन्या तारखेला पडतात.