लिनक्स बूट होत नाहीये? फॉरमॅट मारू नका, लाइव्ह पेनड्राइव्हने असं उठवा

मशिन चालू केलं आणि काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा नुसतं 'ग्रब रेस्क्यू' (ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) असं आलं की आजूबाजूचे सगळे एकच सल्ला देतात, फॉरमॅट मारून टाक. मला या सल्ल्याचा मनापासून राग येतो. इतकी वर्षं हे काम करतोय, माझ्याकडे अशी जी मशिन आली त्यातल्या बहुतेकांत डेटा जागच्या जागी होता, सिस्टिमही धड होती, तुटली होती ती फक्त बायोसपासून (मदरबोर्डवरचा पहिला प्रोग्राम) कर्नलपर्यंत (लिनक्सचा गाभा) जाणारी वाट. ती वाट अर्ध्या तासात परत बांधता येते, फक्त कुठे थांबून बघायचं ते माहीत पाहिजे.

मी इथे उबंटू आणि डेबियन धरून सांगतोय, बाकीच्यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगेन. कमांडची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत. 'डॅश' म्हणजे - हे चिन्ह.

पेनड्राइव्ह

लाइव्ह म्हणजे डिस्कवर इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी सिस्टिम. त्यासाठी १६ जीबीचा पुरतो. मी व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टिम उठवणारं साधन) टाकून ठेवतो आणि त्यात आयएसओ फाइली (सिस्टिमच्या सीडीची आख्खी नक्कल) नुसत्या कॉपी करतो, म्हणजे एकाच पेनड्राइव्हवर सिस्टिमरेस्क्यू (दुरुस्तीसाठीचं लिनक्स), उबंटूचा लाइव्ह डेस्कटॉप आणि क्लोनझिला (डिस्कची नक्कल काढणारं) तिन्ही राहतात. क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली नॉपिक्स काढलं तेव्हा आख्खी सिस्टिम सीडीवरून चालते याचंच अप्रूप होतं, आता तेच काम खिशातल्या पेनड्राइव्हवर होतं तर एक कायम तयार ठेवा. मशिन बंद पडल्यावर दुसऱ्याचा लॅपटॉप मागून आयएसओ डाउनलोड करत बसायला लागतं ते फार वाईट.

रोजच्या कामाला मी सिस्टिमरेस्क्यू वापरतो. थेट रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या युजरच्या) प्रॉम्प्टवर येतं, डेस्कटॉप हवा असेल तर स्टार्टएक्स म्हणायचं. बूट करताना कॉपीटुरॅम पर्याय दिला तर सगळं रॅममधे जातं आणि पेनड्राइव्ह काढून घेता येतो, एकच यूएसबी पोर्ट धड असलेल्या जुन्या लॅपटॉपवर याचा फार उपयोग होतो. पण ते सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिमच उठू देणारी सेटिंग) चालू असताना उठत नाही, आणि बिटलॉकरवाल्या (डिस्क एनक्रिप्ट करणाऱ्या) विंडोजच्या मशिनवर बिनधास्त सिक्युअर बूट बंद करू नका, नंतर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं आणि ती की कुठे आहे हे मालकाला माहीत नसतं. अशा ठिकाणी उबंटूचा लाइव्ह वापरा, तो सिक्युअर बूट चालू असतानाही उठतो.

आधी डिस्कची तब्येत

दुरुस्तीला हात लावायच्या आधी एलएसबीएलके डॅश एफ मारा. कुठली डिस्क, कुठल्या पार्टिशनवर कुठली फाइलसिस्टिम, सगळं एका नजरेत दिसतं, किती जीबीची ते नुसत्या एलएसबीएलकेने. कागदावर लिहून घ्या, खरंच लिहून घ्या, कारण लाइव्हमधे एसडीए म्हणजे तुमची डिस्क असेलच असं नाही, कधी पेनड्राइव्हच एसडीए होऊन बसतो. डिस्क यादीत दिसतच नसेल तर ती मेली असं लगेच समजू नका. बायोसमधे स्टोरेजचा मोड रेड किंवा आरएसटीवर आहे का ते बघा, त्या मोडमधे एनव्हीएमई डिस्क लिनक्सला बऱ्याचदा दिसत नाही. विंडोजही असेल तर तो मोड आपल्या मनाने बदलू नका, विंडोज उठायचं बंद होईल.

मग स्मार्टसीटीएल डॅश ए आणि डिस्कचं नाव. हार्ड डिस्कसाठी करंट पेंडिंग सेक्टर आणि रीअलोकेटेड सेक्टर हे दोन आकडे बघा, एनव्हीएमईला मीडिया आणि डेटा इंटिग्रिटी एरर्स. शून्य असतील तर पुढे चला. पेंडिंग सेक्टर शून्याच्या वर असेल, डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तिथेच थांबा. एफएसचेक (टाइप करताना एफएससीके, फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) मारा असं सांगणारे भरपूर भेटतील, पण मरायला टेकलेल्या डिस्कवर एफएसचेक म्हणजे तिच्यावर आणखी लिहिणं, आणि ती लिहिण्यातच जाते. आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर नक्कल काढा. पहिली फेरी डॅश एन देऊन, म्हणजे खराब जागेशी झगडत न बसता चांगला भाग आधी निघून येतो, दुसऱ्या फेरीत डॅश आर ३. क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी जिथून घ्यायचं ती, मग जिथे ठेवायचं ती, शेवटी मॅपफाइल (कुठवर काम झालं याची नोंद). पहिल्या दोघांची उलटापालट झाली तर रिकामी डिस्क भरल्या डिस्कवर ओतली जाते. मॅपफाइल लाइव्हच्या रॅममधे ठेवू नका, वीज गेली की ती गेली आणि सगळं पहिल्यापासून.

नुसता डेटा बाहेर काढायचा असेल तर पार्टिशन फक्त वाचण्यासाठी माउंट करा (म्हणजे फोल्डरसारखं जोडा), कॉपी करा, संपलं. एक्स्ट४ असेल तर आरओ सोबत नोलोड हा पर्यायही द्या, नुसतं आरओ दिलं तरी जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) डिस्कवर लिहिलं जातं हे अनेकांना माहीत नसतं.

युईएफआय आणि सीएच-रूट: इथेच सगळे अडकतात

युईएफआय म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेली मशिन उठवायची नवी पद्धत. मी पण इथे अडकलोय. एका पतसंस्थेचा सर्व्हर, ३१ मार्चची संध्याकाळ, वर्षअखेरीचा हिशोब चालू, लाइट गेली, यूपीएसने दम तोडला आणि लाइट आल्यावर मशिन उठेना. डिस्क उत्तम होती. मी पेनड्राइव्ह लावला, पार्टिशन माउंट केलं, सीएच-रूट केलं (म्हणजे लाइव्हमधून डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरलो), ग्रब-इन्स्टॉल मारलं तर म्हणालं, ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड ऑन धिस सिस्टिम. नेटवर शोधलं तर कोणीतरी लिहिलं होतं की टार्गेट आय३८६-पीसी द्या. दिलं. मग त्याने बायोस बूट पार्टिशन नाही म्हणून कुरकुर केली तर कोणीतरी लिहिलं होतं फोर्स लावा. तेही लावलं. कमांड विनातक्रार संपली आणि मशिन काही उठलं नाही, रात्रीचे अडीच वाजले, मॅनेजर बाहेर बाकड्यावर बसून होते.

चूक कुठे होती ते बूट मेनू पुन्हा उघडल्यावर कळलं. त्या यादीत माझा पेनड्राइव्ह दोनदा होता. एकदा नुसतं कंपनीचं नाव आणि एकदा त्याच नावाच्या आधी 'युईएफआय' लिहिलेलं. मी प्रत्येक वेळी वरचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा निवडत होतो. लाइव्ह सिस्टिम जुन्या पद्धतीने उठली की तिला मदरबोर्डवरची बूटची यादी दिसतच नाही, मग त्या यादीत नाव लिहिणार कसं? ग्रब तेच सांगत होतं, मी ऐकत नव्हतो.

म्हणून आता पहिलं काम: लाइव्ह उठल्या उठल्या एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय करा. फोल्डर दिसलं तर युईएफआयने उठलाय. नसेल तर पुढची एकही कमांड मारू नका, रीस्टार्ट करा, बूट मेनूतून युईएफआय लिहिलेली ओळ निवडा. उलटही तितकंच खरं, तुमचं इन्स्टॉलेशन जुन्या पद्धतीचं असेल, म्हणजे डिस्कवर ईएफआय पार्टिशनच नसेल, तर लाइव्हही तसाच उठवा.

आता माउंट. क्रम महत्त्वाचा, आधी रूट मग बाकीचे. रूट पार्टिशन (ज्यावर सिस्टिम आहे ते) /एमएनटीवर. बूट वेगळं असेल तर ते /एमएनटी/बूटवर. मग ईएफआय पार्टिशन, एलएसबीएलकेमधे व्हीफॅट दिसणारं छोटं पार्टिशन, विंडोजने केलेलं असेल तर साधारण १०० एमबीचं, ते /एमएनटी/बूट/ईएफआयवर. हे तिसरं लोक हमखास विसरतात आणि मग ग्रब ईएफआय पार्टिशन सापडत नाही म्हणून थांबतं. माउंट झाल्यावर एलएस /एमएनटी करून बघा, ईटीसी, होम, यूएसआर, व्हार दिसले पाहिजेत. बीटीआरएफएस असेल तर त्याऐवजी उबंटूत नुसतं @ आणि @होम दिसेल, फेडोरात रूट आणि होम. म्हणजे एक पायरी वर माउंट झालंय, काढा आणि सबव्हॉल=@ (किंवा रूटचं जे नाव दिसलं ते) देऊन परत लावा. डिस्क एनक्रिप्टेड असेल तर आधी क्रिप्टसेटअप ओपन, एलव्हीएम असेल तर व्हीजीचेंज डॅश एवाय.

दुसरी अडचण यानंतर आली. त्या रात्री युईएफआयने उठवूनसुद्धा ग्रब म्हणतच होतं की ईएफआय व्हेरिएबल लिहिता येत नाहीत. कारण जुन्या गाइडमधे डेव, प्रॉक, सिस हे तीन साध्या बाइंडने (म्हणजे तेच फोल्डर दुसऱ्या जागीही दिसेल असं) जोडा एवढंच सांगितलेलं असतं. पण बूटची यादी जिथून लिहिली जाते ते ईएफआयव्हार्स हे /सिसच्या आत वेगळं माउंट असतं, आणि साधा बाइंड आतलं माउंट सोबत आणत नाही. बाहेर फोल्डर भरलेलं, सीएच-रूटच्या आत तेच फोल्डर रिकामं. हे कळायला मला आणखी पाऊण तास लागला. उपाय असा की --आरबाइंड वापरा आणि लगेच पाठोपाठ त्याच जागेला --मेक-आरस्लेव्ह लावा, नाहीतर शेवटी अनमाउंट करताना लाइव्हची स्वतःची माउंट सुटत जातात. /रनही असंच जोडा, म्हणजे आत नेट चालेल, नाहीतर डीएनएस नाही म्हणून एपीटी (पॅकेज उतरवणारी कमांड) अडकतं.

हे सगळं हाताने करायचं नसेल तर सिस्टिमरेस्क्यूमधे आर्च-सीएच-रूट आहे. आर्च-सीएच-रूट /एमएनटी एवढंच म्हणायचं, जोडायचं ते तो जोडतो आणि बाहेर पडताना सोडवतो. नावात आर्च असलं तरी आत उबंटू, डेबियन काहीही चालतं. मी आता हेच वापरतो आणि कोणी हाताने तीन बाइंड शिकवायला लागलं तर थांबवतो.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. /एमएनटीमधे हे सगळं जोडलेलं असताना साफसफाई म्हणून आरएम डॅश आरएफ कधीही मारू नका. २०१६ साली काही लॅपटॉपवर लोकांनी असंच केलं, ईएफआयव्हार्समधल्या नोंदी पुसल्या गेल्या आणि मदरबोर्ड कायमचे गेले. नंतर कर्नलमधे आडकाठी घातली, तरी तुमच्या मशिनवर प्रयोग नको.

आत गेल्यावरचं काम छोटं आहे. ग्रब-इन्स्टॉल, युईएफआयवर डिस्कचं नाव द्यायची गरज नाही (जुन्या पद्धतीत मात्र द्यावं लागतं), मग अपडेट-ग्रब. 'इन्स्टॉलेशन फिनिश्ड, नो एरर रिपोर्टेड' ही ओळ आली पाहिजे. मग ईएफआयबूटएमजीआर मारा आणि यादीत उबंटू किंवा डेबियन आहे का, बूटऑर्डरमधे त्याचा नंबर पहिला आहे का बघा. ही तपासणी टाळू नका, ग्रबने यश सांगितलं तरी यादीत नाव नसतं असं मी पाहिलंय. काही मदरबोर्ड नोंद टिकवतच नाहीत, तिथे ग्रब-इन्स्टॉलला --रिमूव्हेबल लावा, म्हणजे ईएफआय पार्टिशनवरच्या ठरलेल्या फॉलबॅक जागी फाइल जाते. विंडोजही असेल आणि मेनूत दिसत नसेल तर घाबरू नका, ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (दुसऱ्या सिस्टिम शोधणारा) मुळात बंद असतो, /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रबमधे ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर (हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत) फॉल्स करा आणि अपडेट-ग्रब परत मारा.

फेडोरावाल्यांनी यातलं ग्रब-इन्स्टॉल मारू नये. युईएफआयवर तिथे शिम आणि ग्रब२-ईएफआय ही पॅकेज डीएनएफने रीइन्स्टॉल करायची.

आत आहातच तर

पासवर्ड विसरला असेल तर पासडब्ल्यूडी आणि युजरचं नाव. फेडोरात हे केलं तर /.ऑटोरीलेबल नावाची रिकामी फाइल टच करा, नाहीतर एसईलिनक्स लॉगिन अडवू शकतं. /बूट भरलंय का ते डीएफ डॅश एचने बघा, अपडेट अर्धवट राहायचं ते नेहमीचं कारण. डिस्क बदलली असेल तर /ईटीसी/एफएसटॅबमधले यूयूआयडी (पार्टिशनचे ओळखक्रमांक) बीएलकेआयडीशी ताडून बघा. इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला रॅममधे चढणारी छोटी सिस्टिम) बिघडलं असेल तर अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू डॅश के ऑल, ऑल यासाठी की आत युनेम विचारलं तर ते लाइव्हचा कर्नल सांगतं, तुमचा नाही.

बाहेर पडा

एक्झिट, युमाउंट डॅश मोठा आर /एमएनटी, सिंक, रीबूट, पेनड्राइव्ह काढा.

एकदा उठलं म्हणून लगेच घरी जाऊ नका. मशिन पूर्ण बंद करा, प्लगवरून काढा, पाच-दहा मिनिटांनी परत लावा आणि बायोसची तारीख बघा. पतसंस्थेच्या त्या सर्व्हरची तारीख मागच्या कुठल्यातरी सालावर गेली होती आणि बायोसची सगळी सेटिंग मूळपदावर. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ बटण सेल संपला होता, लाइट जाताच सेटिंग पुसली गेली आणि बूटची नोंदही त्यातच गेली. सकाळी समोरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणून बसवला, तारीख लावली, ईएफआयबूटएमजीआरची यादी परत एकदा बघितली आणि मग मॅनेजरांना म्हटलं, आता हिशोबाला बसा.