गोधडीला गोट (काठाला शिवायची पट्टी) कोणता लावायचा?

मी आधी एकच गोष्ट विचारते: ही गोधडी किती वेळा धुतली जाणार? रोज अंगावर घ्यायची असेल, तर दुहेरी पट्टीचाच गोट लावा. अडीच इंच रुंद पट्टी लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करायची, तिच्या दोन्ही उघड्या कडा गोधडीच्या काठाशी जुळवायच्या आणि पाव इंचावर टीप मारायची. मग घडीची बाजू मागे वळवून हाताने तुरपायची. गोधडी बहुधा काठालाच आधी विरते, आणि इथे काठावर कापडाचे दोन थर येतात. तुरपायला वेळ लागतो, लागू दे. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे टीप थांबवा, पट्टी आधी वर, मग खाली दुमडा; कोपरा नेटका बसतो.

काठ सरळ असेल तर उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरप्या कापलेल्या, पट्टीला कापड जास्त घालवू नका. गोलाईला मात्र उरेबच हवी, सरळ पट्टीला तिथे चुण्या पडतात.

अस्तरच पुढे दुमडून शिवणं सर्वांत सोपं, पण काठावर एकच थर राहतो. भिंतीवर टांगायच्या गोधडीला चालेल. बाळाच्या गोधडीला मी तसं करत नाही. बाळं काठच ओढतात, चोखतात.