पॅशनफ्रूटचा वास टिकवायचा तर: वेल लावण्यापासून सरबतापर्यंत

पॅशनफ्रूटमध्ये खाण्यासारखं तसं फार काही नसतं. चमचा-दोन चमचे आंबट गर आणि बियाच बिया. पैसे वसूल होतात ते वासात. आणि बाजारासाठी लवकर तोडलेल्या फळात तो वास पुरता भरतच नाही. दारात मांडवाला जागा असेल तर वेल घरीच लावा.

आधी जात ठरवा. जांभळी जात थंड हवेची. महाबळेश्वर-पाचगणीला ठीक, चिपळूणला नाही. सखल, उष्ण भागात पिवळी चांगली फोफावते. कर्नाटकात कोडगूमधल्या चेट्टळ्ळीच्या फळबाग संशोधन केंद्राने या दोन्हींच्या संकरातून ‘कावेरी’ काढली आहे. तिचं खात्रीचं रोप मिळालं तर नवख्याने तीच लावावी.

पिवळी लावणार असाल तर एक वेल पुरत नाही. तिच्या फुलाला स्वतःच्या वेलीचे परागकण चालत नाहीत. एकाच वेलीच्या फांद्यांपासून केलेली दोन रोपंही उपयोगाची नाहीत, कारण ती मुळात एकच वेल. वेगवेगळ्या फळांच्या ताज्या बियांपासून निदान दोन-तीन रोपं करा. गर चोळून धुतलेलं बी लगेच पेरायचं; वाळवून ठेवलं की उगवण घटते.

लागवड जूनमध्ये. दीड फुटी खड्डा, त्यात माती आणि कुजलेलं शेणखत. मुळं वरवर पसरतात, त्यामुळे बुंध्याशी पाणी साचलं की मर रोग येतो आणि बहरातली वेल काही दिवसांत सुकते. कोकणातल्या पावसात रोप उंचवट्यावरच हवं. दोन वेलींत सात-आठ फूट अंतर सोडा. मांडवापर्यंत एकच शेंडा वाढू द्या, बगलफुटी काढत राहा. वर पोचला की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या पसरतील. युरियाचा मोह आवरा. नुसता पाला माजतो. फळं नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर संपला की छाटणी करायचीच.

आता खरं काम: परागीभवन. ही वेल कृष्णकमळाच्याच कुळातली, फूलही तसंच. बाहेर झालरीचे कौरव, आत पाच पांडव, वर तीन देव. पांडव म्हणजे पुंकेसर, देव म्हणजे कुक्षी. एका वेलीवरच्या पांडवांची पिवळी पूड दुसऱ्या वेलीवरच्या तिन्ही देवांना लावायची. कंजुषी नको: गर प्रत्येक बीभोवती धरतो आणि प्रत्येक बीला परागकण लागतो, म्हणून पूड कमी पडली की फळ पोकळ. पिवळीचं फूल दुपारी बाराच्या सुमारास उमलतं, जांभळीचं पहाटे. उमलल्यावर देव ताठ उभे असतात. तासाभरात वाकून पांडवांच्या पातळीला येतात, तेव्हा बोटाने किंवा रंगाच्या ब्रशने पूड टेकवा. ताठच राहिलेली फुलं सहसा फळत नाहीत. पूड ओली झाली की परागकण फुटतात, म्हणून त्या वेळी वेलीवर पाणी मारू नका. मधमाशी यासाठी लहान पडते. ती पूड पळवते, देवांना शिवत नाही. लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा मात्र पाठीने हे काम चोख करतो. तो फिरत असेल तर त्याच्यासाठी वाळक्या बांबूचा तुकडा मांडवापाशी राहू द्या, आणि औषधफवारणी टाळा.

फूल ते पिकलेलं फळ, साधारण दोन-अडीच महिने. तोडायचं नाही, पडू द्यायचं. फळांचा गोडसर सुगंध इथाइल ब्युटानोएट, इथाइल हेक्झानोएट अशा एस्टर नावाच्या सुवासिक संयुगांचा. ती पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात वाढतात. त्यामागची किंचित उग्र, पेरूची आठवण करून देणारी छटा गंधकयुक्त संयुगांची. पेरूत तीच कुळी सापडते, आणि नाशिककडे होणाऱ्या सॉव्हिन्याँ ब्लाँ या द्राक्षाच्या वाइनमध्येही. प्रमाण नगण्य, पण नाकाला तेवढं पुरतं. हिरवी फळं खाऊ नका, लोणच्यालाही नको; त्यांत सायनाइड सोडणारे घटक असतात.

खाली पडलेली फळं रोज वेचा. जांभळं फळ दोन-चार दिवसांत सुरकुततं. ते सडलेलं नसतं. साल आक्रसते, आतला आंबटपणा मऊ लागतो. बुरशी किंवा मऊ डाग असेल तरच टाका.

स्वयंपाकघरात पहिला नियम, गर उकळायचा नाही. एस्टरं वाफेबरोबर उडतात, आणि गरातल्या पिठूळ अंशामुळे रस घट्ट होऊन तळाला लागतो. सरबतासाठी साखरेचा पाक वेगळा करा, पूर्ण गार होऊ द्या, मग कच्चा गर मिसळा. बिया नको असतील तर गाळणीत चमच्याने दाबून रस काढा. मिक्सरमध्ये बिया फुटून रस काळपट होतो. मीठ साधंच घाला. काळं मीठ स्वतःच्या गंधकाच्या वासाने सगळं झाकून टाकतं. उरलेला गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, नाहीतर फ्रीजरमधल्या मासळीचा वास त्यांना लागतो.